चौदा दिवसांचा प्रश्न

मुलांनो,

हे मी तुम्हा दोघांसाठी लिहिते आहे, पण आधी मोठीने वाचावं. धाकट्याला मराठी वाचायला अजून वेळ लागतो, त्याला तुमच्या आईने वाचून दाखवावं. मधे कुठे ती थांबली तर तिला घाई करू नका.

गेल्या शनिवारी मोठीने फोनवर सांगितलं की जूनमध्ये कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी ती दहा आठवडे टांझानियाला जाणार आहे. मी विचारलं, मलेरियाच्या गोळ्या लिहून घेतल्यास का? ती हसली. "आजी, रिलॅक्स. आय हॅव इंडियन इम्युनिटी. आजोबा म्हणायचे ना?" मी म्हटलं, आईला फोन दे. आई आली, तर पोळ्या करायच्या आहेत असं सांगून मी फोन ठेवला.

तीन वर्षांपूर्वी आम्ही तुम्हाला सांगितलं की आजोबांना ताप आला, इन्फेक्शन झालं आणि ते गेले. ते खोटं नव्हतं. पुढे तुम्ही विचारलं नाहीत आणि आम्ही सांगितलं नाही. आता विमानाचं तिकीट काढलेलं आहे, म्हणून सांगते. जे झालं त्यात माझा हात आहे, तोही सांगते.

शॉमबर्गचे काका तुम्हाला माहीत आहेत. नात्याने ते तुमचे आजोबाच लागतील, पण तुमची आई त्यांना काका म्हणते म्हणून तुम्हीही म्हणता. आजोबा आणि ते नागपूरच्या इंजिनियरिंग कॉलेजात एका खोलीत राहत. चार वर्षं एक टेबल, एक टेबलफॅन. नंतर दोघंही अमेरिकेत आले, आम्ही न्यू जर्सीत पार्सिपनीला, ते शिकागोजवळ शॉमबर्गला. आफ्रिकेतली जनावरं बघायला जायचं हे त्यांचं हॉस्टेलपासूनचं ठरलेलं होतं. काका फेब्रुवारीत रिटायर झाले आणि मार्चमध्ये आम्ही चौघं निघालो.

प्रवास बारा दिवसांचा, सगळा जमिनीवरून: नामिबियाच्या राजधानीपासून उत्तरेला, मग एका लांबट चिंचोळ्या पट्टीतून पूर्वेला, बोट्स्वानात चोबे नदीपर्यंत आणि शेवटी मोठ्या धबधब्याला. वाहन म्हणजे बस नव्हे, ट्रक. मागे उंच खिडक्यांची केबिन, सोळा सीट, पोटातल्या कप्प्यांत सामान, गॅस आणि पाण्याचे पिंप. रात्रीला लॉज असे, पण दुपारचं जेवण रस्त्याकडेला, घडीच्या खुर्च्यांवर. कोणी जर्मन, कोणी ऑस्ट्रेलियन, आणि आम्ही चौघं आमच्या मेतकुटाच्या आणि चटणीच्या डब्यांसकट.

मी कशी आहे ते तुम्हाला माहीत आहे. बावीस वर्षं लायब्ररीत काम केलं. वस्तू जागेवर नसली की मला झोप लागत नाही. माझी सामानाची यादी चार पानांची होती. मलेरियाच्या गोळ्या माणशी एकवीस: जायच्या आधी दोन दिवस, प्रवासाचे बारा, आणि परतल्यावर सात. त्या शेवटच्या सातांवर डॉक्टरांनी दोनदा बोट ठेवलं होतं. मी प्रत्येकासाठी सात-सात कप्प्यांच्या तीन डब्या भरल्या आणि वहीत दोन रकाने आखले, एक त्यांचा, एक माझा. रोज सकाळी नाश्त्याबरोबर गोळी, मग वहीत खूण.

पहिल्या आठ दिवसांच्या सोळा खुणा त्या वहीत आहेत.

आठव्या गोळीच्या दिवशी रस्ता खराब होता. ट्रक तासन् तास खडखडत होता आणि आजोबांचं पोट बिघडलं. बाथरूम म्हणजे झुडूप. त्यांना तीनदा ट्रक थांबवायला सांगावं लागलं आणि तिन्ही वेळा बाकीचे सगळे खिडकीबाहेर, दुसऱ्या बाजूला बघत बसले. आजोबा कॉलर नीट करत परत चढायचे. त्यांना फार लाज वाटली होती. तुम्ही त्यांना कधी शर्ट न खोचता पाहिलं नसेल.

"गोळीमुळे होतंय," ते मला हळूच म्हणाले. "उद्या नको."

"अहो, खाऊन घ्या म्हणजे नाही होणार. आज नुसत्या चहावर घेतलीत."

काका पुढच्या सीटवरून वळले. त्यांचं नागपूर अजून जिभेवरून गेलेलं नाही. "काय बे, हॉस्टेलच्या मेसची डाळ पचवली तू, अन् एका गोळीनं लोळला? सोड ना ती. सेकंड इयरला अख्खी विंग हिवतापानं पडली होती, आठवते? आपण दोघंही पडलो, दोघंही उठलो. आता या आफ्रिकेच्या डासानं चावून पाहावं. त्यालाच ताप येईल."

आजोबा इतके हसले की त्यांना पोट धरावं लागलं. दिवसभरात ते पहिल्यांदाच हसत होते. काकू खिडकीबाहेर बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी डबीचा कप्पा भरलेला राहिला. मी डबी त्यांच्या बशीशेजारी सरकवली, त्यांनी ती परत माझ्याकडे सरकवली. समोर काका बसलेले होते. मी नवऱ्याला मित्रासमोर औषधावरून बोलणारी बाई नव्हते. आमच्याकडे ते करत नाहीत. घरी, दार लावून, काय ते बोलायचं. वहीतला त्यांचा रकाना त्या दिवशी मी कोरा ठेवला. पुढचेही ठेवले.

आमचा ड्रायव्हर हाच गाइडही होता. चाळिशीचा माणूस, चोबेकाठच्याच गावचा. त्यांच्याकडे मोठ्या बाईला 'म्मा' म्हणतात, तसं तो मला म्हणायचा. रोज संध्याकाळी ट्रकमधून उतरताना तो दारात उभा राहून प्रत्येकाला सांगे: लांब बाह्या, मोजे, मलम. जसजसे आम्ही पूर्वेला गेलो तसतशी हवा जड होत गेली. त्या वर्षी तिकडे पाऊस रेंगाळला होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाणी साचलेलं, त्यात झाडं गुडघाभर उभी, आणि पाण्यावर हिरवट साय. गावं लागायची पण माणसं फारशी दिसायची नाहीत. एका दवाखान्याबाहेर मात्र आयांची मोठी रांग होती, सगळ्यांच्या पाठीला मुलं बांधलेली. एकही मूल रडत नव्हतं. आमचा ट्रक जवळून गेला तरी कुणी मान वळवली नाही.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"तापाचा महिना आहे, म्मा," तो म्हणाला.

नदीकाठच्या लॉजवर आम्ही दुपारी पोचलो. मागे कचऱ्याची जागा होती, तिथे माणसाच्या छातीएवढे उंच करकोचे उभे होते. टक्कल पडलेले, माना खांद्यात घातलेले. ते काही खात नव्हते. नुसते उभे होते. आजोबांनी त्यांचे खूप फोटो काढले. मला ते पक्षी आवडले नाहीत.

चार वाजता आम्ही बोटीवर गेलो. सपाट, रुंद बोट, वर पत्र्याचं छप्पर, खाली प्लास्टिकच्या खुर्च्या, कडेला कंबरभर कठडा. पाणी इतकं संथ होतं की नदी वाहते आहे हेच कळत नव्हतं. पहिल्या वळणावर पाणघोडे दिसले. म्हणजे पाण्यावर कान आणि नाकपुड्या दिसल्या. बाकी सगळं खाली. गाइड म्हणाला, दिसतात त्यापेक्षा नेहमी जास्त असतात. पुढे काठावर मगर जबडा उघडून पडली होती, लाकडाच्या ओंडक्यासारखी. आमची बोट हातभर अंतरावर गेली तरी तिचा डोळासुद्धा हलला नाही.

मग हत्ती आले. बारा-तेरा असतील, आणि दोन पिल्लं. ते नदी ओलांडत होते. मोठ्यांची पाठ पाण्यावर दिसत होती, पिल्लांची फक्त सोंड. आजोबा कठड्याला टेकून उभे होते. हाफ शर्ट, पायात चपला. कॅमेरा खाली करून ते म्हणाले, "अगं, चाळीस वर्षांपूर्वी त्या खोलीत बसून आम्ही हेच बोलायचो. हेच." त्यांचा चेहरा तेव्हा कसा होता ते मला नीट सांगता येणार नाही. तुमच्या आईच्या जन्माच्या दिवशी तसा होता.

हत्ती पलीकडे लागले. नदीच्या मधोमध एक गवताळ बेट आहे, त्याच्या टोकाला एक रेडा उभा होता. रानरेडा, म्हातारा, शिंगांची टोकं झिजलेली, अंगावर चिखल वाळलेला. एकटाच. काकूंनी विचारलं, याचा कळप कुठे आहे?

"पाणी चढायच्या आधी कळप गेला," गाइड म्हणाला. "हा मागे राहिला. आता पाणी उतरेपर्यंत त्याला जाता येणार नाही."

"आणि तोपर्यंत?"

"सिंहांना पोहता येतं, म्मा."

रेडा आमच्याकडे बघत होता. काका म्हणाले, "बापरे, आमचे डिरेक्टर असेच बघायचे," आणि सगळे हसले.

सूर्य खाली आला तेव्हा बोटवाल्याने इंजिन बंद केलं. सगळ्यांना सूर्यास्त शांतपणे बघता यावा म्हणून ते तसं करतात. नदी तांबडी झाली. आणि त्या शांततेत मला तो आवाज ऐकू आला. पातळ, एका सुरातला, सगळीकडून येणारा. पुण्यात माझ्या लहानपणी नदीपलीकडे राहायचो तेव्हा संध्याकाळी खिडक्या लावून धूप करायचे, तो त्या आवाजासाठी. मी बाह्या खाली ओढल्या, मोजे वर केले. आजोबा एका पायाने दुसऱ्या पायाचा घोटा खाजवत होते.

"अहो, हे मलम लावा. आणि ती गोळी आज तरी घ्या."

"सगळ्यांसमोर नको, अगं."

गाइडने ऐकलं असावं. भाषा कळली नसेल, पण मलमाची ट्यूब आणि माझा चेहरा कळला असेल. तो आमच्या खुर्च्यांजवळ उकिडवा बसला आणि आजोबांशी अगदी मानाने बोलला. त्याचा मोठा भाऊ खाणीत कामाला गेला होता, दक्षिणेला, जिथे हा ताप नाही. अकरा वर्षं राहिला. परत आला आणि पहिल्याच पावसात गेला. "आम्ही इथले पडतो, उठतो, परत पडतो," तो म्हणाला. "जो जाऊन परत येतो त्याला नदी ओळखत नाही, सर."

आजोबांनी मान डोलावली. त्यांना वाईट वाटलेलं दिसत होतं. त्यांनी त्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवला.

काका म्हणाले, "लेका, त्याला सांग, डासांची अन् आपली ओळख चार पिढ्यांची आहे. नदीनं नाही ओळखलं तर डास ओळखतील."

आजोबांनी मलम खिशात घातलं. बोट परत निघाली. बेटाच्या टोकावर मी वळून पाहिलं तर अंधारात काहीच दिसत नव्हतं.

आम्ही मार्चच्या शेवटच्या रविवारी नूअर्कला उतरलो. थंडी होती, आणि मला ती थंडी फार बरी वाटली. मी कपडे धुतले, बॅगा पोटमाळ्यावर चढवल्या. पुढचे सात दिवस मी माझ्या सात गोळ्या रोज नाश्त्याबरोबर घेतल्या. आजोबा पेपर वाचत समोर बसायचे. "आता तर आफ्रिका पण संपली," ते एकदा म्हणाले. घर आमचं होतं, दार लावलेलं होतं, काका शॉमबर्गला होते. तेव्हा मी बोलू शकले असते. मी बोलले नाही, कारण मलाही वाटायला लागलं होतं की धोका मागे राहिला. त्यांच्या न घेतलेल्या तेरा गोळ्या मी एका बाटलीत घालून औषधांच्या कपाटात ठेवल्या. बाटलीवर लेबलही लावलं.

एका शनिवारी मंडळातले लोक जेवायला आले होते. टीव्हीवर फोटो लावून आजोबांनी दोन तास सगळ्यांना नदी दाखवली. नंतर दोन दिवसांनी, सोमवारी, त्यांना थंडी वाजून ताप आला. तीन पांघरुणं घातली तरी पलंग हलत होता. मग घाम, मग जरा बरं. "फ्लू आहे," ते म्हणाले. "विमानातून आणला." विमानातून उतरून दोन आठवडे झाले होते.

मंगळवारी मी त्यांना जवळच्या अर्जंट केअरमध्ये घेऊन गेले. तिथे हातात एक टॅबलेट देतात, त्यावर आपणच माहिती भरायची. आजोबा खुर्चीत डोळे मिटून बसले होते, म्हणून मी भरली. नाव, वय, औषधं, ॲलर्जी. मग एक प्रश्न होता, साथीच्या काळापासून सगळीकडे असतो तसा: गेल्या चौदा दिवसांत आपण देशाबाहेर प्रवास केला आहे का?

मी बोटांवर मोजलं. रविवारी उतरलो. पुढचा रविवार सात, त्याच्या पुढचा चौदा. सोमवार पंधरा. मंगळवार सोळा.

मी 'नाही'वर बोट ठेवलं.

हे मला तुम्हाला नीट समजावून सांगायचं आहे. मी पुण्यात कॅम्पातल्या इंग्रजी शाळेत शिकले. आमच्या सिस्टर पेपर परत देताना सांगायच्या की विचारलं असेल तेवढंच लिहा. जी मुलगी जास्त लिहिते तिला प्रश्न कळलेला नसतो. मी जास्त लिहिणारी मुलगी कधीच नव्हते. पुढे अमेरिकेत आलो, तर व्हिसाचे फॉर्म, ग्रीन कार्डचे फॉर्म. मुलाखतीच्या आधी वकिलाने तेच बजावलं होतं: विचारतील तेवढंच सांगा, आपण होऊन एक शब्द बोलू नका. आमच्या पिढीतले सगळे असेच फॉर्म भरतात. नेमकं, खरं, आणि एक अक्षर जास्त नाही. त्यानेच आमचं इथे सगळं नीट झालं होतं. त्या प्रश्नाचं माझं उत्तर बरोबर होतं. बरोबर उत्तर दिलं की मी पुढच्या प्रश्नाकडे जाते.

आत तपासणाऱ्या बाईंनी टॅबलेटवर नजर फिरवली. "प्रवास नाही, छान," त्या म्हणाल्या. फ्लूची तपासणी केली, त्यात फ्लू निघाला नाही. दुसरा एखादा व्हायरस असेल, भरपूर पाणी प्या, विश्रांती घ्या. मी त्यांचे आभार मानले.

बुधवारी आजोबा बरे होते. गुरुवारी मऊ भात आणि मेतकूट खाल्लं, खिडकीपाशी बसले, तुमच्या आईशी बोलले. लघवी कोऱ्या चहासारखी होते आहे हे त्यांनी मला सांगितलं नाही. शुक्रवारी सकाळी मी चहा घेऊन गेले तर त्यांच्या डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा होता. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "बोट आली का?"

"कुठली बोट?"

"इंजिन बंद केलंय त्यांनी," ते म्हणाले. "सुरू करायला सांग."

मी ॲम्ब्युलन्स बोलावली.

इमर्जन्सीत एक तरुण डॉक्टर होती. मोठीपेक्षा फार तर दहा वर्षांनी मोठी असेल. तिनेही कागद वाचला, पण मग तो बाजूला ठेवला आणि माझ्यासमोर स्टुलावर बसली. "दिवस विसरा," ती म्हणाली. "या वर्षात तुम्ही दोघं कुठे कुठे गेला होता?" मी माझ्या सवयीने क्रमाने सांगायला लागले: कुठून निघालो, कुठे थांबलो. नदीच्या नावाशी आले तेव्हा ती उठून उभी राहिली होती. तिने मला पुढचं बोलूच दिलं नाही. दाराबाहेर जाऊन ती कुणाला तरी भरभर सांगत होती आणि मला फक्त एक शब्द कळला.

मलेरियाच्या जाती असतात. नागपूरच्या हॉस्टेलात झाला तो एक, आणि हा दुसरा, सगळ्यात वाईट. एकाने दुसऱ्यापासून संरक्षण मिळत नाही. आणि लहानपणापासून डासांत वाढल्याने जे काही थोडं मिळतं, तेही दूर राहिलं की काही वर्षांत संपतं. आम्ही चाळीस वर्षं दूर होतो. हे मला त्या डॉक्टरने चित्र काढून समजावलं. तिचा आवाज फार चांगला होता.

शिरेतून औषध सुरू झालं. किडन्या थांबल्या तेव्हा मशीन लावलं. तुमची आई शनिवारी पोचली.

डॉक्टर म्हणाली होती की बरोबर कोण होतं त्यांनाही विचारा. म्हणून शुक्रवारीच दुपारी मी हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमधून शॉमबर्गला फोन लावला. काकांनी उचलला. मी सांगितलं आणि विचारलं, तुम्हाला ताप वगैरे? तुम्हीही लगेच रक्त तपासून घ्या, तुम्हीही गोळ्या घेतल्या नव्हत्या.

मग काकूंनी फोन घेतला.

"अगं, हे घेत होते," त्या म्हणाल्या. "रोज सकाळी खोलीतून निघायच्या आधी बिस्किटांबरोबर मी हातावर ठेवायची. पूर्ण एकवीस घेतल्या. ट्रकमध्ये नुसतं बोलायचे ते. तुला माहीत आहे ना यांचं बोलणं. मला वाटलं, भावजीही तसंच करत असतील. नुसतं हसतात, पण घेत असतील. तू आहेस म्हटल्यावर..."

मी आहे म्हटल्यावर. ते मी खूप दिवस ऐकत राहिले.

काका मिळेल त्या विमानाने आले. आयसीयूबाहेरच्या खुर्चीवर पाच दिवस जाकीट न काढता बसले. माझ्याशी बोलले नाहीत, मीही बोलले नाही. आत जायची पाळी आली की ते काचेपाशी थांबत. "काय बे," एवढंच म्हणत. आजोबांना तेव्हा काही ऐकू येत होतं असं मला वाटत नाही.

बुधवारी दुपारी आजोबा गेले. नंतर मी त्या डॉक्टरला विचारलं, मंगळवारी कळलं असतं तर? ती खाली बघत राहिली. मी म्हटलं, मी प्रश्न विचारला आहे, त्याचं उत्तर द्या. ती म्हणाली, "बहुधा वाचले असते."

तिने खरं सांगितलं याबद्दल मी तिची आभारी आहे.

तर मोठे बाळा, तू गोळ्या घेशील. जायच्या आधी, तिथे असताना रोज, पोटभर खाऊन, आणि परतल्यावर डॉक्टर सांगतील तितके दिवस. बरोबरचे काय बोलतात ते ऐकू नकोस. खोलीत काय करतात ते तुला दिसत नाही. संध्याकाळी लांब बाह्या घाल. आणि परत आल्यावर ताप आला, कधीही, तीन महिन्यांनीसुद्धा, तर दिवस मोजत बसू नकोस. फॉर्ममध्ये विचारलं असो वा नसो, दारातून आत शिरतानाच सांग की मी टांझानियात होते. जास्त बोलते म्हणून कुणी हसलं तर हसू दे.

तुमच्या आईला यातलं बरंचसं माहीत आहे. फॉर्मचं माहीत नव्हतं. ते तिला आता कळेल, आणि ती मला फोन करेल, किंवा काही दिवस करणार नाही. दोन्ही मला समजेल.

काकांचा फोन त्या उन्हाळ्यापासून दर रविवारी सकाळी अकरा वाजता येतो. पहिले सात महिने मी तो घेतला नाही. तो वाजून वाजून थांबायचा, आणि पुढच्या रविवारी परत यायचा. मग एका रविवारी घेतला. आम्ही हवा, गुडघे आणि शॉमबर्गच्या स्नोबद्दल बोलतो. ते आता विनोद करत नाहीत. आजोबांचं नाव मी काढते, ते काढत नाहीत, पण ऐकतात. मी अजून या घरात आहे, ते दोघं तिकडे आहेत, आणि रविवारी फोन येतो.